चौल बंदरात एक दिवस

बालमित्रांनो, नकाशात युरोप आणि आफ्रिका या दोन खंडांच्या मधोमध भूमध्य समुद्र आहे. उन्हाळ्यात त्या समुद्रातून मोठमोठी प्रवासी जहाजं फिरतात. जहाज कसलं, पाण्यावर चालणारं एक गावच ते! रात्रभर जहाज चालतं आणि सकाळी एखाद्या जुन्या बंदराला लागतं. प्रवासी खाली उतरतात. दिवसभर तिथल्या दगडी गल्ल्या, तटबंदी, जुनी प्रार्थनामंदिरं पाहतात आणि संध्याकाळी जहाज सुटायच्या आत धावतपळत परत येतात. माल्टा बेटावरचं व्हॅलेटा, क्रोएशियातलं दुब्रोवनिक ही अशीच प्रसिद्ध जुनी गावं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हाला कशाला सांगता? आम्ही कुठं जाणार माल्टाला? बरोबर आहे. मीही गेलेली नाही. मी नांदगाव खंडेश्वरची एक प्राथमिक शिक्षिका. आमचं गाव अमरावतीहून यवतमाळला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आमच्याकडं काळी माती आहे, कापूस-सोयाबीन आहे, यादवकाळातलं खंडेश्वराचं हेमाडपंती देऊळ आहे. नाही तो फक्त समुद्र! तो सहाशेहून जास्त किलोमीटर लांब.

पण जहाजातून उतरायचं, एक जुनं शहर पायी हिंडायचं आणि बोट सुटायच्या आत परतायचं, अशी सहल आपल्या महाराष्ट्रातही करता येते. तीही एका दिवसात. गंमत म्हणजे आपल्या या जुन्या शहराचं त्या भूमध्य समुद्राशी फार जुनं नातं आहे. ते कसं, ते पुढं येईलच.

गेल्या मे महिन्यात आम्ही तिघं मुंबईला गेलो होतो. मी, माझे वडील आणि माझा भाचा. वडिलांना घरात सगळे आबाजी म्हणतात. वय अडुसष्ट, सगळा जन्म वावरात गेलेला. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. भाचेबुवा सातवी पास होऊन आठवीत जाणारे, आणि दर दोन मिनिटांला एक प्रश्न विचारणारे! बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीत बसलो, सकाळी मुंबईत. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून गेटवे ऑफ इंडियाला पोचलो आणि मांडव्याला जाणाऱ्या पहिल्या लाँचमध्ये चढलो.

लाँच निघाली. आबाजी कठड्याला धरून उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “इतलं पानी! अन् घोटभर पेता येत नायी!”

कोरडवाहू शेतकऱ्यालाच सुचावं असं हे वाक्य होतं.

थोडं पुढं गेल्यावर लाँच डोलायला लागली. भाच्यानं मोठ्यानं विचारलं, “मावशी, ही बोट काहून हालून रायली वो?”

समोरच्या बाकावर त्याच्याच वयाची तीन-चार मुलं बसली होती. ती फिसकन हसली. एकानं दुसऱ्याला कोपर मारलं आणि हळूच नक्कल केली, “काहून हालून रायली!” पुन्हा सगळे हसले.

मुलं वाईट नव्हती. त्यांनी ती बोली कधी ऐकलीच नसेल. पण आमचे भाचेबुवा गप्प झाले ते गप्पच. दर दोन मिनिटांचे प्रश्न बंद. आबाजींनी मला डोळ्यानंच विचारलं, काय झालं? मी म्हटलं, राहू द्या. अशा वेळी लगेच समजूत घालायला गेलं की मुलं आणखी मिटून घेतात, हे वर्गात रोज पाहते मी.

वाटेत नांगरून ठेवलेली मालवाहू जहाजं दिसत होती. त्यांच्याकडं बोट दाखवून मी एक गोष्ट सांगितली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. तेव्हा आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे वऱ्हाडात पोचली. आपल्या कापसाच्या गाठी मुंबईला येऊ लागल्या आणि इथून जहाजात चढू लागल्या. पुढं १८६९ साली सुवेझ कालवा खुला झाला. मग या गाठी भूमध्य समुद्रातून विलायतेला जायला लागल्या. “म्हंजे आपल्या वावरातला कापूस आपल्या आंधी समिंदर पाहून आला!” आबाजी म्हणाले. भाचा हसला, पण बोलला नाही.

मांडव्याला उतरून बसनं अलिबाग गाठलं आणि तिथून दिवसभरासाठी एक रिक्षा ठरवली. संध्याकाळच्या शेवटच्या बोटीआधी मांडव्याला परतायचं होतं. रिक्षावाले दादा म्हणाले, “बोट कुणासाठी थांबत नाही हां. मी सांगेन तेव्हा निघायचं.” म्हणजे आमचाही भोंगा ठरला!

अलिबागच्या दक्षिणेला पंधरा-सतरा किलोमीटरवर चौल आणि त्याला लागून रेवदंडा. आज पाहाल तर नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरं, विहिरी आणि शांतता. पण मुलांनो, हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचं नामांकित बंदर होतं. मुंबई तेव्हा बेटांवरची लहान लहान खेडी होती.

किती जुनं? सुमारे १९५० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक भाषा बोलणाऱ्या एका व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ नावाचं पुस्तक लिहिलं. कोणत्या बंदरात काय मिळतं, वारा कधी अनुकूल असतो, याची ती माहिती. त्यात आपल्या किनाऱ्यावरच्या ‘सेमुल्ला’ बंदराचं नाव आहे. तेच हे चौल. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत ‘चेमुल’ असं नाव येतं. अरब त्याला ‘सैमूर’ म्हणत. इ. स. ९१६ च्या सुमारास अल् मसूदी हा प्रसिद्ध अरब प्रवासी इथं आला होता. जितके लोक, तितकी नावं! आपल्याकडच्या वस्तू इथून अरबी समुद्र आणि तांबडा समुद्र ओलांडून इजिप्तला जात, आणि तिथून भूमध्य समुद्राकाठच्या शहरांत. मी म्हटलं होतं ना, जुनं नातं आहे म्हणून?

आम्ही आधी चौलच्या रामेश्वराला गेलो. समोर मोठी पुष्करणी, पाण्यात नारळाच्या झाडांची प्रतिबिंबं. देवळात अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड अशी तीन कुंडं आहेत. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायची इथली प्रथा होती, असं सांगतात. हे ऐकून आबाजींनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, “हे कुंड आमच्या नांदगावले पायजे होतं, महाराज. अठी तुमच्याकडं तसाई लय पानी पडते!” तिथं बसलेले एक आजोबा खळखळून हसले. ते हसणं वेगळं होतं. आबाजीही त्यांच्याबरोबर हसले. मग दोघं म्हातारे भाताला किती पाणी लागतं आणि कापसाला किती, यावर दहा मिनिटं बोलत बसले. एकाची बोली वऱ्हाडी, दुसऱ्याची आगरी वळणाची. कुणाचं काही अडलं नाही! भाचा बाजूला बसून दोघांकडं आळीपाळीनं पाहत होता.

तिथून रेवदंडा. इथं रस्ताच किल्ल्याच्या तटातून आत जातो. आपण किल्ला पाहायला म्हणून जातो आणि कळतं की आपण किल्ल्यात कधीच शिरलो! तटाच्या आत आता वाड्या आहेत, घरं आहेत, नारळ आहेत. आणि झाडांमधूनच जुन्या भिंती वर डोकं काढतात. हे पोर्तुगीजांचं चौल. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ते इथं आले, त्यांनी वखार घातली आणि नंतर किल्ला बांधला.

ते सुखासुखी आले असं समजू नका. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत मोठी लढाई झाली. पोर्तुगीजांनी मसाल्याचा व्यापार समुद्रमार्गानं थेट आपल्याकडं वळवला होता. त्यामुळं इजिप्तच्या सुलतानाचं उत्पन्न बुडत होतं. त्यानं लढाऊ जहाजं बांधली. इजिप्तमध्ये मोठं लाकूड कुठलं मिळायला? ते भूमध्य समुद्रापलीकडून आणलं, सुवेझपर्यंत वाहून नेलं आणि तिथं आरमार उभं केलं. ते आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी मिळून चौलला पोर्तुगीजांना हरवलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो द आल्मेदा या लढाईत मारला गेला. विचार करा, कुठल्या तरी डोंगरातलं झाड तोडलं आणि त्याची लढाई झाली आपल्या कोकणात!

पुढं १५७० ते १५७१ मध्ये अहमदनगरच्या मूर्तजा निजामशहानं चौलला वेढा घातला, पण शहर पडलं नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली आणि त्यानंतर १७४० च्या तहात चौल मराठ्यांकडं आलं. तोवर इंग्रजांची मुंबई वाढत होती, चौलच्या खाडीत गाळ साचत होता. व्यापार गेला, माणसं गेली. राहिल्या त्या भिंती.

त्या भिंतींमध्ये एक उंच मनोरा अजून उभा आहे. एके काळी त्याला सात मजले होते, म्हणून लोक त्याला ‘सातखणी’ म्हणतात. त्याच्या पायथ्याशी गंजलेल्या तोफा पडल्या आहेत. आबाजींनी एका तोफेवर हात ठेवून पाहिला आणि चटका बसल्यासारखा झटकन काढून घेतला. मे महिन्याचं ऊन होतं ना! आमच्याकडं ऊन अंग भाजून काढतं, तर कोकणात अंगाला नुसत्या धारा लागतात.

सातखणीच्या सावलीत बसून आम्ही शिदोरी सोडली. भाकरी, ठेचा आणि कांदा. जवळच्या खाणावळीतून सोलकढी आणली. मी भाच्याला म्हटलं, “हा ठेचा खाताना पोर्तुगीजांची आठवण काढ. मिरची मूळची अमेरिका खंडातली. त्यांनीच ती आपल्याकडं आणली.” भाच्याचे डोळे मोठे झाले. मिरचीशिवाय वऱ्हाड? त्याला ते पटेचना! पण प्रश्न काही तोंडातून बाहेर आला नाही.

जेवून गावातून फिरलो. एका शाळेच्या आवारात अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. शाळेला सुट्टी होती, म्हणून फाटकाशीच उभं राहून त्याची गोष्ट सांगितली. हा व्होल्गा नदीकाठच्या त्वेर गावचा. १४६९ च्या सुमारास, म्हणजे पोर्तुगीज यायच्या आधीच, तो होर्मुझहून समुद्रमार्गे चौलला उतरला. बरोबर विकायला आणलेला एक घोडा! आपल्याकडं तेव्हा चांगले घोडे समुद्रातून येत आणि त्यांना मोठी किंमत मिळे. जुन्नरच्या खानानं त्याचा तो घोडा काढून घेतला. पुढं एका भल्या माणसाच्या मध्यस्थीनं तो परत मिळाला. निकितिननं लिहून ठेवलंय की, मी गोरा म्हणून जिथं जाईन तिथं लोक माझ्यामागून चालत! परतीच्या वाटेवर, घरी पोचण्याआधीच तो वारला. पण त्याची वही मागं राहिली. या वहीत एक मोठी मौज आहे. रशियन लिहिता लिहिता तो मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्दांत शिरतो. बंदराबंदरांतून हिंडताना जी भाषा कानावर पडली, ती त्याच्या वहीत उतरली.

बंदरांचं हे असंच असतं. भूमध्य समुद्राकाठच्या बंदरांत तर कित्येक शतकं एक मिश्र बोली चालत होती. थोडी इटालियन, थोडी स्पॅनिश, त्यात अरबी-तुर्की शब्द. पुस्तकात ती शिकवत नसत. खलाशी, हमाल आणि व्यापारी यांचं काम मात्र तिच्यावर चाले.

रेवदंड्यात ज्यूंचं एक प्रार्थनामंदिरही आहे. या किनाऱ्यावरच्या ज्यूंना बेने इस्रायल म्हणतात. फार पूर्वी नवगावजवळ जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेली सात पुरुष आणि सात स्त्रिया हे आमचे पूर्वज, अशी त्यांची परंपरा सांगते. इथं त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घरात त्यांची भाषा मराठीच झाली. १९४८ नंतर त्यातले बरेच लोक इस्रायलला गेले. इस्रायल भूमध्य समुद्राच्या काठावर आहे. तिथं गेल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. म्हणजे आपली मराठी त्या समुद्राकाठीही जाऊन राहिली!

“अजून दोन तास आहेत,” रिक्षावाले दादा म्हणाले. “कोर्लई बघून घ्या.”

कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल ओलांडला आणि समुद्रात घुसलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला दिसला. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून घेतला होता. पण किल्ला चढायला वेळ नव्हता. म्हणून आम्ही गावातच हिंडलो. खालच्या अंगाला कोळ्यांची वस्ती आणि वर ख्रिस्ती लोकांची. मी मुद्दाम वरच्या वस्तीत गेले, कारण इथं मला काही तरी ऐकायचं होतं.

एका घराच्या ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी अंगणातल्या मुलीला हाक मारून काही तरी सांगितलं. मुलगी आत गेली आणि आमच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. आजी काय बोलल्या, ते आम्हा तिघांपैकी कुणालाच कळलं नाही. आणि सकाळपासून गप्प असलेले भाचेबुवा एकदम बोलले, “आजी, तुम्ही हे काय बोलून रायले?”

आजी शुद्ध कोकणी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, “ती आमची घरची भाषा रे बाळा. नोलिंग. म्हणजे आपली बोली.”

मुलांनो, ही जगातली एक विलक्षण बोली आहे. ती बोलणारी माणसं जेमतेम हजारभर. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्य बांधायची रीत मराठीसारखी. आपण म्हणतो, ‘मी भात खातो.’ क्रियापद शेवटी. पोर्तुगीज माणूस त्याच्या भाषेत ‘मी खातो भात’ अशा क्रमानं बोलतो. कोर्लईत शब्द पोर्तुगीज वळणाचे, पण क्रियापद आपल्यासारखं शेवटी! शेजाऱ्यांचं ऐकून ऐकून तसं झालं. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषातज्ज्ञानं या बोलीचा कित्येक वर्षं अभ्यास केला आणि १९९६ मध्ये तिच्यावर एक पुस्तक लिहिलं.

१७४० मध्ये पोर्तुगीज निघून गेले. सातखणीचे मजले ढासळले. तोफा गंजल्या. पण या लहानशा वस्तीतल्या आया आपल्या लेकरांना त्याच बोलीत हाका मारत राहिल्या. पावणेतीनशेहून जास्त वर्षं! ना त्यांच्याकडं त्या बोलीतली शाळा होती, ना पाठ्यपुस्तक. दगडाचं शहर टिकलं नाही, आणि बोली टिकली.

भाच्यानं त्या मुलीला विचारलं, “तू पण अशीच बोलते?”

“आजीशी बोलते,” ती म्हणाली. “शाळेत मराठी.”

“अन् बाजारात?”

“बाजारात पण मराठीच. ही बोलली की लोक बघत राहतात. हसतात कधी कधी.”

भाचा तिच्याकडं पाहत राहिला. मग माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलले नाही.

आजी म्हणाल्या, “आता पोरं मुंबईला जातात कामाला. घरीसुद्धा मराठीच बोलतात. आम्ही म्हातारी माणसं आहोत तोवर चालेल. पुढचं काय माहीत?” हे त्या हळहळत बोलल्या नाहीत, हवापाण्याबद्दल सांगावं तशा बोलल्या. म्हणूनच ते मनाला लागलं. किल्ल्याची भिंत पडली तर आवाज तरी होतो. बोली जाताना आवाज होत नाही. एका घरात एक आजी जाते आणि तिच्याबरोबर काही शब्द जातात, एवढंच.

आबाजी उठताना म्हणाले, “बाई, बोलत राहा लेकराईसंगं. बोलनं थांबलं का सारं संपलं.” आजींना ‘लेकराईसंगं’ कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी मान हलवली.

“चला, चला! बोट!” दादांनी भोंगा वाजवला.

परतीच्या वाटेवर मी रिक्षात एक खेळ काढला. म्हटलं, “आबाजी, तुम्हाला पोर्तुगीज येते.” आबाजी म्हणाले, “काय थट्टा करून रायली पोरी!” मी म्हटलं, “चावी, साबण, पगार, परात, घमेलं, फीत, तुरुंग, बटाटा, कोबी, पपई, पाव. हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले. आणि लिलावसुद्धा!”

“लिलाव?” आबाजी ताठ बसले. “आपल्या मार्केटातला लिलाव?”

“तोच. सोयाबीनचा लिलाव.”

आबाजी कितीतरी वेळ स्वतःशीच ‘घमेलं, लिलाव’ म्हणत राहिले. नांदगावला समुद्र नाही, पण समुद्रावरून आलेले शब्द कुणाच्या बंडीत, कुणाच्या तोंडी बसून घाट चढून आमच्या वावरापर्यंत कधीच पोचले होते. भाच्यानं वही काढली आणि शब्द लिहायला सुरुवात केली. मग त्यानं मधोमध एक रेघ मारली आणि दुसऱ्या बाजूला लिहिलं: काहून, अठी, तठी, वावर, बंडी, पोट्टं. वर नाव दिलं, ‘आपली बोली’.

शेवटची बोट मिळाली, पण पाच मिनिटं कमी पडली असती तर रात्र मांडव्यालाच होती! बोटीत भाचा सकाळसारखा बडबडला नाही. त्याचा आवाज अजून जरा दबकाच होता. एकदा हसलेलं एका दिवसात पुसलं जात नाही. पण अंधार पडताना मुंबईचे दिवे दिसायला लागले, तेव्हा त्यानं शेजारी उभ्या असलेल्या खलाश्याला विचारलं, “काका, ही बोट रात्री कुठं राह्यते वो?” काकांनी नीट समजावून सांगितलं. त्यानं तेही वहीत टिपून घेतलं.

पालकांनो आणि मुलांनो, माझं म्हणणं एवढंच आहे. पुस्तकातली मराठी शिकायचीच. परीक्षेत तीच लिहायची, अर्ज तिच्यात करायचा, आणि सगळ्या महाराष्ट्राशी तिच्यातूनच बोलायचं. ती चांगली आली पाहिजे, म्हणून मी वर्गात फळ्यावर रोज झगडते. पण म्हणून घरची बोली गावंढळ ठरत नाही. आमच्या अमरावती जिल्ह्यातच, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या शेवटी तिथं म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ मानला जातो, आणि तो आमच्या या वऱ्हाडात जन्मला! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. तो मान वऱ्हाडीचा आहे तसाच मालवणीचा, अहिराणीचा, आगरीचाही आहे. या सगळ्या मिळूनच मराठीचं घर भरलेलं आहे.

तुमच्या वर्गात दुसऱ्या गावाहून एखादा मुलगा येईल आणि वेगळंच काही बोलेल. हसू आलं तर येऊ द्या, पण हसून झाल्यावर त्याला त्या शब्दाचा अर्थ विचारा. तुमच्याकडं एक शब्द जास्त होईल.

आणि या सुट्टीत एक काम करा. एक वही घ्या. आजी, आजोबा, शेतावरचे काका, भाजीवाली मावशी यांच्या तोंडचे असे वीस शब्द लिहा, जे तुमच्या पाठ्यपुस्तकात नाहीत. प्रत्येक शब्दापुढं तो कुणाकडून ऐकला त्याचं नाव लिहा. शब्द कुठून आला हे कळलं तर तेही लिहा. आमच्या भाचेबुवांचे आतापर्यंत त्र्याऐंशी झालेत. बघा, त्यांना गाठता येतं का!